हुद्दा होता, हुकूम नव्हता

अमेरिकन सैन्यात धर्मगुरूला हुद्दा असतो, पण हुकूम सोडायचा अधिकार नसतो. खांद्यावर लेफ्टनंट कर्नलचं चंदेरी पान असलं तरी त्याच्या हाताखाली पलटण नाही, गाड्या नाहीत, कोठार नाही. तो हत्यारही बाळगत नाही. त्याच्याबरोबर एक मदतनीस सैनिक असतो, बंदूक असलीच तर त्याच्याकडे. रविवारची उपासना, दवाखान्यातल्या फेऱ्या, गेलेल्यांचे अंत्यविधी, आणि ज्याला रात्र खायला उठते त्याच्या उशाशी बसणं, एवढं त्याचं काम. लेफ्टनंट कर्नल रसेल ब्लेझडेल यांची गोष्ट सांगायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. कारण २० डिसेंबर १९५० च्या सकाळी कोरियातल्या इंचॉन बंदरात, सिमेंट वाहून न्यायला लावलेल्या लष्करी ट्रकांसमोर हा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, हे ट्रक आता माझ्याबरोबर येतील. असा हुकूम देण्याचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. ट्रक गेले.

ब्लेझडेल प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे पाळक. मिरज-सांगलीकडच्या माणसाला हा पंथ नव्याने सांगायला नको. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभं केलेलं हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचंच. आमच्या घरातल्या दोन पिढ्यांची दुखणी त्या हॉस्पिटलने काढली आहेत, त्यामुळे हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले. या मंडळीत बिशप नसतो. पाळक आणि मंडळीने निवडलेले ‘वडील’, म्हणजे ज्येष्ठ सभासद, मिळून कारभार बघतात. चर्चच्या खर्चापासून कुणाच्या घरी चूल पेटली नाही इथपर्यंत सगळं त्या वडीलमंडळापुढे येतं. पाळक म्हटला की उपदेश आला, हे खरंच. पण हिशेब, खाटा, औषधं, धान्य यांच्याशीही त्याचा रोजचा संबंध असतो. ब्लेझडेल यांच्या त्या डिसेंबरातल्या धावपळीकडे बघताना मला हे वळण सतत दिसतं.

त्यांचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या हेफिल्ड नावाच्या लहानशा गावातला. १९४० मध्ये ते सैन्यात धर्मगुरू म्हणून आले आणि १९६४ पर्यंत तिथेच राहिले. मधे दुसरं महायुद्ध झालं, हवाई दल वेगळं झालं, मग कोरिया. जवळजवळ पाव शतक एक माणूस आपला धर्मोपदेश घेऊन तळावरून तळावर हिंडत होता. त्या सगळ्या वर्षांतला बराचसा काळ नेहमीचाच असणार: लग्नं लावायची, बाप्तिस्मे द्यायचे, घरी पाठवायची पत्रं लिहायची. मी इथे त्यातले फक्त काही आठवडे सांगणार आहे.

कोरियाचं युद्ध २५ जून १९५० ला सुरू झालं. ब्लेझडेल त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या पाचव्या हवाई दलाचे मुख्य धर्मगुरू म्हणून तिथे पोचले. सोल शहर त्या एका वर्षात दोन्हीकडच्या फौजांनी आलटून पालटून तुडवलं. जूनअखेर उत्तर कोरियाने घेतलं, सप्टेंबरात इंचॉनला उतरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी परत घेतलं, मग उत्तरेच्या बाजूने चिनी सैन्य उतरलं आणि डिसेंबरात पुन्हा पळापळ सुरू झाली. ४ जानेवारी १९५१ ला सोल पुन्हा पडलं. प्रत्येक खेपेला माणसं निघायची, आणि प्रत्येक खेपेला काही मुलं मागे राहायची. आई-बाप मेलेली, गर्दीत हात सुटलेली, पोटाला घालता येईना म्हणून कुणाच्या तरी दारात ठेवलेली. त्यांतल्या कितीकांना आपलं नाव सांगण्याइतकीही वाचा फुटलेली नव्हती.

ब्लेझडेल आणि त्यांचे मदतनीस स्टाफ सार्जंट मर्ल स्ट्रँग यांनी सोलमध्ये हे बघितलं आणि सकाळी ट्रक घेऊन गल्ल्यांतून हिंडायला सुरुवात केली. रस्त्यावर सापडेल ते मूल उचलायचं आणि शहरात यासाठी उघडलेल्या केंद्रावर आणायचं. तिथे अंघोळ, कपडे, खाणं, डॉक्टरची नजर. मग जागा असेल त्या अनाथाश्रमात पाठवायचं. सैनिकांच्या वर्गणीतून, घरून आलेल्या पार्सलांतून दूध आणि ब्लँकेटं यायची. कोरियातला हिवाळा म्हणजे पारा शून्याच्या कितीतरी खाली. हान नदी गोठते तिथे. त्या थंडीत रात्रभर उघड्यावर राहिलेलं तान्हं मूल सकाळी जिवंत मिळेलच याची खात्री नसायची.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. ही मुलं ब्लेझडेल यांची जबाबदारी नव्हती. त्यांची नेमणूक होती हवाई दलाच्या माणसांसाठी. कोरियन नागरिकांसाठी वेगळी यंत्रणा होती, निदान कागदावर तरी होती. माघार घ्यायची वेळ आली तेव्हा सैन्याच्या यादीत दारूगोळा होता, पेट्रोल होतं, यंत्रसामग्री होती, माणसं होती. ही मुलं कुठल्याच यादीत नव्हती. यात कुणी दुष्टपणा केला असं मला म्हणायचं नाही. माघारीच्या घाईत ज्याच्यासाठी कुणाची सही लागत नाही ते मागे राहतं, एवढंच.

डिसेंबरच्या मध्यावर पाचव्या हवाई दलाचं मुख्यालय सोलमधून हललं. ब्लेझडेलही त्या विमानातून निघू शकले असते. ते राहिले. दक्षिणेकडच्या जेजू बेटावर मुलांना न्यायचं ठरलं होतं आणि इंचॉनहून एक जहाज मिळेल असं सांगण्यात आलं होतं. म्हणून जवळजवळ हजार मुलं, त्यांत अंगावरची तान्हीही, आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका असा सगळा लवाजमा इंचॉनला नेला. नेण्यासाठी पुरेशा गाड्या नव्हत्या, त्यामुळे खेपा झाल्या. बंदराजवळच्या एका शाळेच्या इमारतीत सगळ्यांना उतरवलं. आणि जहाज आलंच नाही.

ते दिवस या सगळ्या हकिगतीतले सगळ्यात कठीण, आणि पुढे सांगणाऱ्यांनी सगळ्यात घाईने उरकलेले. मला तिथून पुढे जाववत नाही. शाळेची इमारत गार. मुलांमध्ये गोवर आणि डांग्या खोकला पसरलेला. डांग्या खोकल्याची ढास आलेलं लहान मूल ज्याने मांडीवर घेतलं आहे त्यालाच कळेल की एका खोलीत अशी शंभर मुलं असणं म्हणजे काय. श्वास आत घेताना येणारा तो लांब, ओढलेला आवाज. ढास संपल्यावर ओठांवर उमटलेला निळेपणा. आणि मग उलटी, म्हणजे मोठ्या मिनतवारीने पोटात गेलेलं दूधही गेलं. आणि एवढ्या मुलांमागे हात किती, तर ऐंशीच्या आसपास माणसांचे. काही बाळं तिथेच गेली. बंदरात रोज बघायला जायचं, आज जहाज आहे का. नाही. उद्या? सांगता येत नाही. उत्तरेकडून फौजा पुढे सरकत असल्याच्या बातम्या येतच होत्या.

पाळकाच्या श्रद्धेचं काय होत असेल अशा वेळी? मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्या घरात गणपती, मंगळागौर आणि आईचा गुरुवारचा उपास. पण हे वाचताना मला वाटलं की प्रार्थनेला उत्तर मिळेल म्हणून हातावर हात ठेवून बसण्याचा रस्ता त्यांच्यापुढे होता, आणि त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. ब्लेझडेल १९ डिसेंबरला इंचॉनहून निघाले आणि हवाई दलाचं कोण अजून मागे आहे ते शोधत हिंडले. त्यांना भेटले कर्नल टी. सी. रॉजर्स. हातात निर्णय असलेला, अजून न गेलेला अधिकारी. ब्लेझडेल यांनी परिस्थिती सांगितली. रॉजर्स यांनी मालवाहू विमानं दिली: सोळा सी-५४, दुसऱ्या दिवशी सकाळी, सोलजवळच्या किम्पोच्या धावपट्टीवर. अट एकच. मुलं वेळेवर तिथे हवीत, विमानं थांबणार नाहीत.

युद्धात सोळा विमानं मिळणं म्हणजे काय हे सांगायला मी तज्ज्ञ नाही. पण त्याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावर हुंगनाम बंदरातून एक लाखाच्या आसपास सैनिक आणि जवळजवळ तेवढेच निर्वासित काढले जात होते. २३ डिसेंबरला तिथून एकच मालवाहू जहाज सुमारे १४,००० निर्वासित घेऊन निघालं. प्रत्येक वाहनावर हजार हात पडलेले होते. त्यात रॉजर्स यांनी ‘लेखी आण’, ‘वर विचारतो’ असं काही न म्हणता विमानं दिली. त्यांचं नाव या गोष्टीत एका ओळीपुरतं येतं. मला ते ठळक लिहावंसं वाटतं.

आता मुलं इंचॉनला, विमानं किम्पोला, आणि मधलं अंतर कापायला गाड्या नाहीत. म्हणून ती सकाळ, आणि ते सिमेंटचे ट्रक.

मी सुरुवातीला म्हटलं तो हुद्दा इथे कामी आला. समोरच्या माणसाला लेफ्टनंट कर्नलचं पान दिसलं. कॉलरवरचा क्रॉसही दिसला असणार. हा धर्मगुरू आहे, याला गाड्या मागवायचा अधिकार नाही, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही; सैन्यात पहिल्या महिन्यात कळतं ते. तरी ट्रक वळले. शाळेपाशी लागले. आजारी मुलं, एकमेकांना धरून उभी राहिलेली मुलं, पाठीवर बांधलेली तान्ही, सगळी चढवली. हे काम घाईत होत नाही. उशीर झालाच. किम्पोला पोचेपर्यंत ठरलेली वेळ टळून गेली होती, आणि विमानं अजून उभी होती. थांबणार नाहीत असं सांगितलेली विमानं थांबली होती. वैमानिकांनी मुलांना उचलून आत घेतलं. नोंदींत ९६४ मुलं असा आकडा येतो. सोळा विमानांत वाटली तर एकेका विमानात साठ. सी-५४ मध्ये एरवी पन्नासएक सैनिक बसत. मुलं लहान, म्हणून मावली.

जेजूला त्यांना उतरवून घ्यायची तयारी कर्नल डीन हेस यांनी केली होती. हेस स्वतः पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक, युद्धात लढाऊ वैमानिक झालेले. बेटावर एका शेतकी शाळेत मुलांची सोय झाली आणि तो आश्रम चालवायला ह्वांग ओन-सून नावाची कोरियन बाई उभी राहिली. विमानं निघून जातात. रोज सकाळी हजार तोंडांना काय घालायचं हा प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशीही असतो, आणि तिसऱ्याही. तो ह्वांगबाईंनी पुढची कित्येक वर्षं सोडवला.

पुढे या सगळ्याचं श्रेय हेस यांच्या नावावर गेलं. १९५७ मध्ये हॉलिवूडने त्यांच्यावर चित्रपट काढला, रॉक हडसनसारखा देखणा नट त्यांच्या भूमिकेत, आणि जगाच्या लेखी मुलं वाचवणारा माणूस म्हणजे एक वैमानिक असं पक्कं झालं. धर्मगुरू आणि सार्जंट त्यातून गळाले. हेस यांनी काही केलं नाही असं नाही. जेजूची बाजू त्यांनी सांभाळली, त्या अनाथाश्रमासाठी पुढेही पैसा उभा केला. पण सोलच्या गल्ल्या, इंचॉनची शाळा, रॉजर्सची भेट आणि ट्रक हे सगळं दुसऱ्या माणसाचं होतं, आणि तो माणूस गप्प राहिला. एक-दोन वर्षं नाही, जवळजवळ अर्धं शतक. मुलं वाचली ना, मग झालं, अशी त्यांची भूमिका होती.

या गप्प राहण्याबद्दल माझं मन अजून एका बाजूला स्थिर होत नाही. मोठेपणा म्हणून त्याला हात जोडावेत असं वाटतं. पण इतिहासाच्या दृष्टीने बघितलं तर त्या मौनाने स्ट्रँगही झाकले गेले, रॉजर्सही, इंचॉनच्या शाळेत मांडीवर मुलं घेऊन रात्री काढणाऱ्या बायकाही. आपण आपलं श्रेय सोडतो तेव्हा आपल्याबरोबर उभ्या राहिलेल्यांचंही नकळत सुटतं. ब्लेझडेल यांच्यावर ठपका ठेवायला मी हे म्हणत नाही. ते बोलले असते तर त्या बायकांबद्दल आज आपल्याला अधिक ठाऊक असतं, याची रुखरुख मात्र आहे. पुढे अभ्यासकांनी कागद धुंडाळले, हकिगती जुळवल्या, तेव्हा चित्र सरळ झालं. २००१ मध्ये, नव्वदीत, ब्लेझडेल पुन्हा कोरियात गेले. क्यूंग ही विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हाची काही मुलं त्यांना भेटायला आली. मुलं म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली, नातवंडांची वाट बघणारी माणसं. ग्वांगजूच्या एका बालसदनात त्यांचा पुतळाही आहे. २००७ मध्ये ते गेले.

सैन्यातला धर्मगुरू म्हणजे काय, याची माझी समज बेळगावात तयार झाली. वडील मराठा लाईट इन्फंट्रीत होते, आमचं बालपण फॅमिली क्वार्टरमध्ये गेलं. आपल्याकडेही धर्मगुरू असतात. पलटणीच्या श्रद्धेप्रमाणे पंडित, ग्रंथी, मौलवी किंवा पाद्री, जेसीओच्या, म्हणजे कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर. आमच्या पलटणीचे पंडितजी रविवारच्या मंदिर परेडला आरती करायचे, दसऱ्याला शस्त्रपूजा सांगायचे, आणि उरलेला वेळ क्वार्टरांच्या ओळीतून फिरायचे. कुणाचं मूल आजारी, कुणाची सासू-सून बोलत नाही, कुणाचा नवरा सरहद्दीवर आणि पत्र नाही. आईच्या ओट्यापाशी पाटावर बसून चहा घेताना ते सहज विचारायचे, “वहिनी, त्या तिसऱ्या क्वार्टरमधल्या पोरीने आज चूल पेटवली का बघाल?” स्वतः जाऊन विचारलं तर ती लाजेल, हे त्यांना कळत होतं. आई वाटीत काहीतरी घेऊन जायची. मंत्र तर कुणीही म्हणेल, पण तिसऱ्या क्वार्टरकडे लक्ष असणारा माणूस पलटणीला लागतो, असं आई अजूनही म्हणते.

कोरियाच्या त्या माघारीत आपली माणसंही होती, हे फार जणांना माहीत नसतं. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालचं ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे लष्करी वैद्यकीय पथक, साडेतीनशेच्या आसपास माणसं, नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरलं. उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयाँग सोडायची वेळ आली तेव्हा औषधं आणि उपकरणं मागे टाकून या असं सांगण्यात आलं. आपल्या जवानांनी एक आगगाडीचं इंजिन आणि डबे शोधून काढले, त्यांच्यातल्याच कुणाला इंजिन चालवायचं ठाऊक होतं, आणि सगळं सामान चढवून पूल उडवला जाण्याआधी ते पार झाले. तीन वर्षांनी युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय तुकडीवर आली तेव्हा तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. डिसेंबर १९५० मध्ये त्या बर्फातून दक्षिणेकडे निघालेल्यांत कुणी शल्यक्रियेची हत्यारं सोडायला तयार नव्हतं, आणि कुणी मुलं. दोन्हीकडे नियमांच्या बाहेर पाय टाकावा लागला.

ही हकिगत मी वडिलांना सांगितली. त्यांची सगळी नोकरी एमटीत, म्हणजे गाड्यांवर गेली. ऐकताना त्यांनी सोळा विमानांवर काही म्हटलं नाही, हॉलिवूडवर तर नाहीच. ट्रकांपाशी त्यांनी मला थांबवलं. पुन्हा सांग म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

“ड्रायव्हर किती होते?” त्यांनी विचारलं.

हजार माणसं म्हणजे ट्रक बरेच असणार, म्हणजे ड्रायव्हरही तितके, असं मी म्हटलं. मग ते त्यांच्या पद्धतीने समजावून सांगायला लागले. गाडी बाहेर पडते ती कार डायरीवर. कुठे, किती वाजता, कुणाच्या सहीने, किती किलोमीटर, सगळं त्यात. सिमेंटच्या कामावर लावलेली गाडी सिमेंटसाठीच चालते. एखादा साहेब म्हणाला आणि ड्रायव्हरने गाडी दुसरीकडे नेली, वाटेत काही झालं, तर साहेबाला कुणी विचारत नाही, ड्रायव्हरला विचारतात. आणि तो साहेब धर्मगुरू आहे, त्याच्या शब्दाला कागदावर किंमत नाही, हे कॉलरवरच दिसतंय.

“म्हणजे तुझ्या पाळकाने मागितलं, हे बरोबर,” ते म्हणाले. “पण त्या पोरांपैकी एकाने जरी म्हटलं असतं, साहेब, सही आणा, तरी खेळ खलास होता. कुणीच म्हटलं नाही. वीस-बावीस वर्षांची पोरं असतील ती. लिहिणार असलीस तर त्यांचं पण लिही.”